सहाही बाजू बंद

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. डायरी जावयाने दिलेली, कुठल्याशा पंप-कंपनीची. महिनाभर टीव्हीखाली पडून होती.

नियम: रोज लिहिणे. मुद्द्याचं लिहिणे. रडगाणं नाही.

सद्यस्थिती. वय सहासष्ट. प्रकृती ठीक. फॅब्रिकेशनच्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं, त्यातली शेवटची चौदा इन्स्पेक्टर. बायको लेकीकडे. लेकीच्या बाळंतपणाला ऑगस्टमध्ये गेली, सहा आठवड्यांसाठी. आता बाळ बसायला लागलंय असं कळतं. म्हणजे काम थोडं लांबलं. कामं लांबतात.

भांडण वगैरे काही नाही, हे नोंदवून ठेवतो. सप्टेंबरच्या शेवटी तिने फोनवर विचारलं, मी कधी येऊ. मी म्हणालो, तुझं तू बघ. माणसाला मोकळीक द्यावी. त्यावर ती म्हणाली, अहो, एकदा तोंडाने बोलवा, दुसऱ्या दिवशी येते. आता यात बोलवायचं काय? घर तिचं, किल्ली तिच्याकडे, पलंगाखाली तिच्या चपला. सगळं गृहीतच आहे.

समोरच्या वहिनी विचारतात, एकटं वाटत असेल ना भाऊजी. नाही. काहीच वाटत नाही.

दूध उतू गेलं.

५ फेब्रुवारी. दुपारी १२

काल लिहिलं नाही. मुद्द्याचं काही घडलं नाही.

आज क्रेनवाला आला. हा कारखान्यातला माझा दोस्त. तीस वर्षं वर क्रेनच्या केबिनमध्ये बसून खालच्या सगळ्यांची टकलं पाहिलेला माणूस. आमचा कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली, त्याच्या मोठ्या शेडमध्ये आता कलादालन झालंय. एप्रिलमध्ये तिथे प्रदर्शन आहे. पत्रा, गर्डर, काँक्रीट असल्या कारखानी मालातली मिनिमलिस्ट शिल्पं. जुन्या कामगारांपैकी कुणी काही केलं तर एक कोपरा त्यांना. रविवारी त्यावर भाषण आहे आणि नंतर चहा. क्रेनवाला चहासाठी जाणार. मी म्हणालो, मीही येतो, छप्पर अजून गळतं का ते बघायला.

संकल्प: उद्यापासून साडेपाचला उठणे.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.३०

साडेपाचला उठणं गुरुवारी जमलं नाही, शुक्रवारी जमलं नाही. शनिवारी जाग आली होती.

भाषण झालं. दालनाच्या बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, पायात सेफ्टी शूज. शेडमध्ये सेफ्टी शूज घालणारी माणसं मला आवडतात. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. पत्र्याच्या पेट्या, भिंतीवर एकीवर एक, सारख्या अंतराने. विटा, जमिनीवर एका ओळीत, बस. एक ट्यूबलाइट, कोपऱ्यात तिरपी. क्रेनवाला कानात म्हणाला, अरे, हे तर आपलं स्टोअर.

मग बाई बोलल्या. म्हणे, हा शिल्पकार शिल्पाला हातही लावत नाही. कागदावर मापं लिहितो आणि वर्कशॉपला पाठवतो. हाताची खूण नको, भावना नको, गोष्ट नको. घोडा नाही, राजा नाही, कुशीत मूल घेतलेली आई नाही. पेटी ही पेटीच. ती तिच्या जागी, तुम्ही तुमच्या जागी. तिला अर्थ विचारलात तर ती गप्प बसते, आणि ते गप्प बसणंच तुम्हाला पाहायचं असतं.

मी ताठ बसलो.

क्रेनवाल्याने हात वर केला. म्हणाला, बाई, मग गोदामात आणि यात फरक काय? लोक हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, गोदामात तुम्ही काहीतरी शोधायला जाता.

घरी येताना सगळा उलगडा झाला. बायको म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे लोखंडी कपाटाशी बोलणं. लेक म्हणते, बाबा एक्स्प्रेस होत नाहीत. विहीण एकदा आडून म्हणाली, तुमच्याकडे शांतता फार छान आहे. म्हणजे मी चाळीस वर्षं या घरात मिनिमलिस्ट होतो आणि कुणाला पत्ता नाही. मलासुद्धा नव्हता.

रविवारचा फोन: १ मिनिट ३८ सेकंद. जेवलात का, हो. गोळी घेतली का, हो. ठीक ना, ठीक.

छप्पर गळत नाही.

१० फेब्रुवारी. सकाळी ९

शिल्प ठरलं. पेटी. लांबी सहा फूट, रुंदी बत्तीस इंच, उंची बत्तीस इंच. तीन मिलिमीटर पत्रा. सहाही बाजू बंद. झाकण नाही, पाय नाहीत, कड्या नाहीत. वर जस्ताचा मुलामा, हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून. जस्ताचं करडं फूल पत्र्यावर उमटतं त्याला तोड नाही.

अर्थ: नाही.

ड्रॉइंगला वीस मिनिटं लागली. इतकं सुबक ड्रॉइंग मी नोकरीत कधी केलं नव्हतं.

दुपारी २. लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, वा बाबा, आणि मागे वळून ओरडली, आई, बाबा पेटी करतायत. मागून हिचा आवाज आला, गाद्यांची? लेक म्हणाली, नाही गं, शिल्प आहे, बंद असते.  मग हिचा आवाज, बरं.

खुलासा. लेक जन्मली त्या वर्षापासून हिला गाद्या-रजया ठेवायला एक पत्र्याची पेटी हवी होती, झाकणाची. मी करणार होतोच. कारखान्यात तेव्हा फार काम होतं, नंतर मंदी होती, नंतर मी रिटायर झालो. ते वेगळं. ती वापराची वस्तू.

योजना अशी: वीस एप्रिलला उद्घाटन. ही येईल, बघेल, तिला कळेल. न बोलता कळणं, हाच तर या कलेचा मुद्दा. त्यानंतर ती बहुधा इथेच राहील. बोलवायचा प्रश्न आपोआप मिटेल.

२४ फेब्रुवारी. दुपारी ३.१५

मधले दिवस लिहिलं नाही. सर्दी.

ड्रॉइंग वेल्डरकडे दिलं. बस डेपोच्या मागे त्याचं वर्कशॉप आहे. हा पूर्वी आमच्याकडेच होता आणि याचीच कामं मी सर्वांत जास्त रिजेक्ट केली. तरी बसायला स्टूल दिलं, पुसून दिलं.

कागद बघून म्हणाला, साहेब, झाकण राहिलं. म्हटलं, राहिलं नाही, नाहीच आहे. मग पाण्याचा पाइप कुठून आत येणार? पाणी नाही. पाय? नाहीत. मग ही पेटी कशाची? कशाचीच नाही. त्याने चष्मा कपाळावर सारला. ग्राइंडिंग करणाऱ्या मेव्हण्याला हाक मारली, म्हणाला, जरा इकडे ये, साहेब काय म्हणतायत बघ. दोघांनी कागद आडवा बघितला, उभा बघितला. मग मेव्हणा हळूच म्हणाला, साहेब, वहिनी कुठे असतात सध्या?

म्हटलं, लेकीकडे. ठीक आहेत.

तो म्हणाला, हां.

जाताना वेल्डर म्हणाला, एखादी गोष्ट ड्रॉइंगवर राहिली असेल तर समजून घेऊ ना? मी म्हणालो, समजून काही घ्यायचं नाही. ड्रॉइंगवर नाही ते नाही. चौदा वर्षं मी हेच वाक्य बोलत आलो. बोलताना पाठ जरा सरळ झाली.

२ मार्च, रविवार

फोन: १ मिनिट ४१ सेकंद. तीन सेकंद वाढले ते बाळाच्या खोकल्यामुळे.

नंतर लेकीने वेगळा फोन केला, बाथरूममधून, दबक्या आवाजात. म्हणाली, बाबा, आईची बॅग भरलेली आहे. दिवाणाखाली ठेवलीय. कपडे लागले की त्यातून काढते, धुतले की परत त्यातच ठेवते. तुम्ही एकदा बोलवा ना तिला. मी म्हणालो, बॅग भरलेली आहे हे उत्तम. ऐन वेळी घाई होणार नाही.

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही ना. 

संकल्प: रोज एक भाजी शिकणे. आज बटाटा. करपला. आतून बरा होता.

७ मार्च. सकाळी ११

पेटी बघून आलो. वेल्डरने दोन बाजूंना कड्या लावून ठेवल्या होत्या. म्हणाला, साहेब, पावणेदोनशे किलो माल आहे, माणसं उचलणार कुठे धरून? रिजेक्ट. आठही कोपरे गोल घासले होते. का? लागेल हो कुणाला. रिजेक्ट. धार हवी.

मग खडू घेतला आणि प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. एका जागी टाचणीएवढं छिद्र. गोल केला. वेल्डर मेव्हण्याला म्हणाला, बघ, म्हटलं नव्हतं, सापडणारच. दोघेही खूश दिसले. मीसुद्धा, म्हणजे, ठीक होतो.

घरी आल्यावर पलंग सरकवून झाडलं. चपला होत्या तिथेच परत ठेवल्या. हलवायचं काही कारण नाही.

१४ मार्च. दुपारी ४

जस्ताच्या कारखान्यात पेटी नेली. गावाबाहेर आहे, मोठी भट्टी, वितळलेल्या जस्ताचा हौद. कारखाना एक बाई चालवतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. वय माझ्याएवढंच असावं, हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि विचारलं, भोक कुठंय?

म्हटलं, भोक नाही.

मावशी म्हणाल्या, मग जस्त नाही.

मी शिल्पाबद्दल सांगितलं. सहाही बाजू बंद असणं किती आवश्यक आहे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, भाऊ, बंद पेटी आधी तर बुडतच नाही, वरच तरंगते. जोर लावून बुडवली की आतली हवा तापते. साडेचारशे डिग्री. थेंबभर ओल असेल तर तिची वाफ होते. वाट नसली की फुटते. जस्त उडतं. तिकडे माझी माणसं उभी असतात. हे म्हणताना त्यांनी डाव्या हाताची बाही जरा खाली ओढली. पुढे म्हणाल्या, आणि एक भोक नाही पुरत. दोन लागतात. आत जायला एक, बाहेर यायला एक. नाहीतर बाहेरून चकचकीत आणि आतून गंजत राहते, कुणाला कळत पण नाही.

पेटी तिथेच अंगणात सोडून आलो.

नोंद. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः, भोक नाही म्हणून, शंभर तरी कामं परत पाठवली आहेत. विसरलो असंही नाही. तत्त्व म्हणून ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी ७. वेल्डरला फोन केला. म्हटलं, तू इतकी वर्षं काम करतोस, भोक पाडायचं सुचलं नाही? तो म्हणाला, सुचलं होतं साहेब. ड्रॉइंगवर नव्हतं. ड्रॉइंगवर नाही ते नाही.

जेवलो नाही. भूक नव्हती. अंडं उकडायला ठेवलं होतं, ते राहिलं. पातेलं काळं.

१९ मार्च

पर्याय: करडा रंग मारणे. घरी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघितला. फ्रिजसारखा दिसतो.

पर्याय दोन: तशीच ठेवणे. गंजेल.

दालनाच्या बाईंना फोन करून विचारलं, दोन भोकं चालतील का. बाई विचार करून म्हणाल्या, भोक असलं की लोक आत डोकावतात हो. आत काय आहे? म्हटलं, काही नाही. म्हणाल्या, मग हरकत नाही. वस्तू जशी बनते तशी दिसावी, ते प्रामाणिक.

क्रेनवाला म्हणाला, पाड की लेका, दोन भोकांनी कुणाचं काय वाईट झालंय? नाकालाही दोनच आहेत.

भोकं पाडायचं ठरवलं. ही माघार नाही.

२ एप्रिल. दुपारी १.३०

पेटी झाली. दोन इंचांची दोन भोकं, एका टोकाला वरच्या कोपऱ्यात, दुसऱ्या टोकाला खालच्या. कडा मी स्वतः कानशीने घासल्या, अर्धा तास. मावशी म्हणाल्या, एवढं कशाला?  हाताला लागू नये, इतकंच.

जस्ताचं फूल सुंदर आलंय. उष्णतेने एका बाजूचा पत्रा मात्र जरा फुगला, चार मिलिमीटर. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, दोनचा. म्हणजे रिजेक्ट. बराच वेळ पट्टी लावून उभा राहिलो. मग पट्टी खिशात घातली. पास. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

भोकाला कान लावून बघितला. आत हवा आहे.

६ एप्रिल, रविवार. सकाळी १०

दालनाने छापील आमंत्रणं दिली. एक हिला पाठवायचं. खाली दोन ओळी हाताने लिहाव्यात असं ठरवलं.

पहिला मसुदा: २० तारखेला उद्घाटन आहे. सगळ्यांनी यावे. नंतर तू इथेच राहिलीस तरी चालेल.

'तरी चालेल' बरोबर वाटलं नाही. काढलं.

दुसरा: २० तारखेला उद्घाटन आहे. तू ये. घरी.

हे फारच उघडं वाटलं. शिवाय बाईंनी सांगितलंच आहे, ज्याच्याशिवाय भागतं ते काढून टाका. 'घरी' काढलं. मग 'तू ये' एकटंच लोंबकळायला लागलं. तेही काढलं.

अंतिम: २० तारखेला उद्घाटन आहे.

हे ठीक आहे. तारीख तर आमंत्रणावर छापलेलीच होती, पण असू दे.

फोन: १ मिनिट ३९ सेकंद.

१३ एप्रिल

बाईंनी पाटीसाठी शीर्षक आणि पन्नास शब्दांत मनोगत मागितलं. शीर्षक: नाही. मनोगत: पत्रा, वेल्ड, जस्त, हवा. बाई म्हणाल्या, शेहेचाळीस शब्द उरले. म्हटलं, ठेवा तुमच्याकडे.

घराची सफाई केली. ही येणार म्हणून नाही, एप्रिल आहे म्हणून. हिची उशी उन्हात टाकली. चहाची गाळणी नवीन आणली. दाढीचा आरसा पुसला.

२० एप्रिल, रविवार. सायंकाळी ७.४५

उद्घाटन झालं. क्रमाने लिहितो.

पेटी दक्षिणेच्या कोपऱ्यात ठेवली होती, जिथे पूर्वी माझं टेबल असायचं. बाईंनी मुद्दाम केलं की योगायोग, विचारलं नाही. पावणेपाचला एक दाढीवाला येऊन पेटीसमोर बराच वेळ उभा राहिला. मला म्हणाला, केवढा एकटेपणा आहे यात. म्हटलं, तीन मिलिमीटर पत्रा आहे. आत काही नाही. तो म्हणाला, तेच तर. आणि डोळे पुसले. लोकांचं काही कळत नाही.

पाचला मंडळी आली. जावई, लेक, लेकीच्या कडेवर बाळ, मागे ही. हिने आठ महिन्यांत चष्मा बदललाय. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, चष्मा. ती म्हणाली, हो.

तिने पेटी बघितली आणि पर्स पेटीवर ठेवली. पहारेकरी धावत आला, म्हणे मॅडम, हात लावायचा नाही, कलाकृती आहे. ही म्हणाली, दादा, माझ्या नवऱ्याची पेटी आहे. आमच्यात लावतात हात. तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तो गेला.

मग तिने एक चक्कर मारली. मावशींनी मारली तशीच. हाताच्या वितीने लांबी मोजली. म्हणाली, चार गाद्या आरामात मावल्या असत्या.  मापाने बरोबर होतं.

बाळाने भोक शोधलं. लेकीच्या कडेवरून वाकून सरळ हात आत घातला, मनगटापर्यंत. लेक घाबरली. मी म्हणालो, घाबरू नको, कडा घासलेल्या आहेत. बाळाने हात काढला, बघितला, परत घातला.

ही म्हणाली, हे भोक कशाला? मी समजावून सांगितलं. बंद ठेवली तर बुडत नाही, बुडवली तर तापते, वाट नसली की फुटते. म्हणून दोन भोकं, हे एक आणि पलीकडे खाली एक. बऱ्याच दिवसांनी मी इतकं सलग बोललो. ती चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, म्हणजे तुम्हाला माहीत आहे हे. म्हटलं, चौदा वर्षं तेच तर तपासत होतो.

ती म्हणाली, हिला निदान भोक तरी आहे.

मग ती जरा वाकली, भोकाशी तोंड नेलं आणि आत काहीतरी बोलली. चार-पाच शब्द असतील. पत्र्यातून नुसती गुणगुण आली. आसपासचे लोक थांबून बघायला लागले, दाढीवाल्याने फोटो काढला. मी विचारलं, काय म्हणालीस? ती म्हणाली, तुम्हाला नाही सांगितलं. पेटीला सांगितलं.

सात वाजता गाडीपाशी गेलो. जावई गाडी चालू करून बसला होता. लेक उगाचच बाळाची टोपी काढत होती, घालत होती. ही दार उघडं धरून उभी राहिली. म्हणाली, मग? मी म्हणालो, मग काय?

म्हणाली, काही नाही.

गाडीत बसली. डिकीची काच काळी नव्हती, त्यामुळे बॅग दिसली. बॅग घेऊनच आली होती.

मी म्हणालो, सावकाश जा.

एकंदरीत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. तिला न बोलता कळलं असणार. उद्या-परवा फोन येईल.

नवीन गाळणीतून चहा केला. एक कप. ठीक होता.

२७ एप्रिल, रविवार

फोन: ५८ सेकंद.

११ मे, रविवार. दुपारी १२.३०

प्रदर्शन संपलं. नियमाप्रमाणे ज्याची वस्तू त्याने न्यायची. क्रेनवाल्याने भाच्याचा टेम्पो आणला, चार हमाल. एकाने विचारलं, कड्या का नाहीत हो? 

पेटी दारातून आत जात नाही.

आडवी करून बघितली, उभी करून बघितली. समोरच्या वहिनी, त्यांचे मिस्टर, वरच्या मजल्यावरचे दोघे, सगळ्यांनी सूचना केल्या. क्रेनवाला म्हणाला, अरे, आख्ख्या जगाची मापं घेतलीस आणि स्वतःचं दार मोजलं नाहीस? मोजायचं राहिलं नव्हतं. गृहीत धरलं होतं.

पेटी जिन्याखाली ठेवली आहे, तात्पुरती.

फोन करायचा राहिला. तिकडूनही आला नाही.

१७ मे, शनिवार. दुपारी ३.४०

जिन्याखाली पेटीवर कुणीतरी चपला ठेवतं, कुणी वर्तमानपत्रांची रद्दी, वरच्या मजल्यावरच्यांनी सायकलचा पंप. रोज काढतो, रोज येतात. आज वहिनींनी तिच्यावर लसूण सोलायला घेतला. म्हणाल्या, भाऊजी, उंची अगदी बरोबर जमलीय हो. इतकं चांगलं माझ्या कामाबद्दल अजून कुणी बोललं नव्हतं.

दुपारी सगळे झोपतात. जिन्यात कुणी नव्हतं. पेटी पुसायला गेलो होतो. वरच्या भोकाशी सहज वाकलो. आत अंधार. तिने काय सांगितलं असेल ते आत राहिलं असेल असं म्हणणं शास्त्राला धरून नाही. तरी जरा थांबलो.

मग तोंड लावलं आणि म्हणालो, घरी ये.

आवाज चांगला घुमतो. खालच्या भोकातून बाहेर येत असावा, कारण जिन्याच्या पलीकडे झोपलेलं मांजर उठून बसलं. परत म्हणालो. दोनदा. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. मावशींनी दोन भोकं का सांगितली ते नीट समजलं.

वर बघितलं तर कठड्यावर वहिनी.  आत गेल्या आणि दार हळू लावलं.

संकल्प: उद्या रविवार. फोनवर सांगणे. वाक्य तयार आहे, दोन शब्दांचं. आता अवघड काही राहिलं नाही.

१८ मे, रविवार. सकाळी ११.२०

फोन केला. दहा वाजता करणार होतो, अकराला केला. मध्ये दाढी केली.

जेवलात का, म्हणाली. म्हटलं, अजून अकराच वाजलेत. गोळी? घेतली. ठीक ना? ठीक. नेहमी इथे संपतं. आज मी ठेवला नाही. तीही थांबली. म्हणाली, काही सांगायचंय का?

मी म्हणालो, सांगितलं.

कुणाला?

पेटीला.

 मागे बाळ कशावर तरी चमचा आपटत होतं. मग ती म्हणाली, बरं. मग आली का ती?

मी म्हणालो, ती दारातून आत येत नाही.

खरं होतं ते सांगितलं.

ती हसली की काय झालं, कळलं नाही. तसाच आवाज आला, आणि मग लेकीचा, आई, काय झालं गं. आणि फोन बंद झाला. बाळाचा हात लागला असेल.

२ मिनिटं ५४ सेकंद. आजवरचा सर्वांत मोठा.

दुपारी १२. पट्टी काढून दार मोजलं. तीस इंच. एक माणूस बॅगेसकट आरामात आत येऊ शकतो.